दंतोपचार (खानदेश)

जळगाव व धुळे जिल्ह्यांत दातांवरील उपचार मुख्यतः खाजगी दवाखान्यांत होतात. धुळ्यात साक्री रस्त्यावर अण्णासाहेब चुडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालय असून, अशा महाविद्यालयांत विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तेथे वेळ अधिक लागतो, पण खर्च सहसा कमी येतो.

कीड वरवरची असेल तर ती कोरून सिमेंट किंवा दाताच्या रंगाचे मिश्रण भरतात. कीड नसेपर्यंत पोचली, की रूट कॅनाल करावे लागते : नस काढून पोकळी निर्जंतुक करून भरतात आणि ठिसूळ झालेल्या दाढेवर टोपी बसवतात. ठणका थांबला म्हणून टोपी टाळणारे पुष्कळ. अशी दाढ पुढे एखाद्या कडक भाकरीनेही फुटू शकते. पडलेल्या दातांसाठी कवळी, ब्रिज किंवा हाडात रोवलेले इम्प्लांट असे पर्याय असतात. दात साफ केल्याने ते हलू लागतात, हा समज चुकीचा आहे. हिरडी आधीच सुटलेली असते, किटण निघाल्यावर ते जाणवते एवढेच.

तंबाखू व मशेरीने हिरड्यांची हानी होते. सुपारी आणि गुटख्याने गालाची आतली त्वचा ताठरते. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावेनाशी झाली, तर ती कर्करोगपूर्व अवस्था असू शकते. तपासणी लांबवू नये. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, निदान कागदावर.