निरीक्षण विहीर कायमची बंद करणे

निरीक्षण विहीर कायमची बंद करणे म्हणजे भूजलाची पातळी किंवा गुणवत्ता तपासण्यासाठी घेतलेली विंधण विहीर, तिचे काम संपल्यावर, तळापासून जमिनीपर्यंत पाणी झिरपणार नाही अशा पदार्थाने भरून टाकणे होय. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेची प्रदूषणमुक्ती झाल्यानंतरचा हा शेवटचा टप्पा असतो. तोंडावर झाकण ठोकणे किंवा वरून माती लोटणे यास विहीर बंद करणे म्हणत नाहीत.

आवश्यकता

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांची भूरचना पाहिल्यास ही गरज स्पष्ट होते. भातसानगरसह हा सारा परिसर दख्खनच्या लाव्हाप्रवाहांनी बनलेला आहे. वर मुरूम व झिजलेला खडक, त्याखाली अखंड बेसॉल्ट, दोन प्रवाहांच्या सांध्यावर कोठे कोठे तांबड्या मातीचा थर आणि पुन्हा भेगाळ खडक, अशी रचना आढळते. गावातील उघड्या विहिरींना मुख्यतः वरच्या मुरमातील पाणी मिळते, तर हातपंपांच्या विंधण विहिरींना खालच्या भेगांतील. मधला अखंड खडक हा या दोन साठ्यांमधील नैसर्गिक पडदा असतो आणि खोल निरीक्षण विहीर नेमकी तो भेदून जाते. केसिंग पाईप गंजला, किंवा पाईप व खडक यांमधील पोकळी नीट भरलेली नसली, की वर उरलेली रसायने पावसाच्या पाण्याबरोबर सरळ खाली उतरू शकतात. प्रदूषणावर पाळत ठेवण्यासाठी घेतलेले छिद्रच मग त्याची वाट बनते.

भातसा धरणाचे पाणी मुंबईला जाते. शहापूर तालुक्यातील अनेक पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी एखादा हातपंप दूषित होणे ही किरकोळ बाब नव्हे.

निर्णय केव्हा घ्यावा

पाण्याचा एक नमुना शुद्ध आला एवढ्यावर विहीर बुजवणे घाईचे ठरते. मे महिन्यात पातळी खोल गेलेली असताना प्रदूषक कोरड्या मुरमाला चिकटून राहू शकतात आणि पावसाळ्यात पातळी वर आली की पुन्हा पाण्यात विरघळतात. म्हणून पावसाळ्यापूर्वीचे व नंतरचे नमुने किमान काही वर्षे सलग तपासणे इष्ट असते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी यांहून वेगळ्या आहेत. त्या बहुतांशी गावांतील उघड्या विहिरी असून प्रदेशाच्या पाणीपातळीची दीर्घकालीन नोंद ठेवतात. त्या बुजवण्याचा प्रश्न येथे येत नाही.

पद्धत

प्रथम विहिरीची खोली मोजून जुन्या नोंदीशी ताडतात. आत अडकलेला पंप, दोर वा गाळ काढतात. शक्य असल्यास केसिंग पाईप उपटतात, नाहीतर त्याला छिद्रे पाडतात, जेणेकरून भराव बाहेरच्या पोकळीतही जाईल. नंतर बारीक नळी तळापर्यंत सोडून सिमेंट व बेंटोनाइट मातीचा घोळ, म्हणजे ग्राउट, खालून वर भरत आणतात. वरून ओतल्यास तो मध्येच अडकतो आणि खाली पोकळी राहते. १५० मिलिमीटर व्यासाच्या व ६० मीटर खोल विहिरीस सुमारे १,०६० लिटर ग्राउट लागते. प्रत्यक्षात फारच कमी लागले तर पोकळी राहिल्याचा संशय घ्यावा. फार जास्त लागले तर ते भेगांत शिरत आहे असे समजावे. ग्राउट खचल्यास पुन्हा भरतात. शेवटी जमिनीखाली सुमारे एक मीटरपर्यंतचा पाईप कापून त्यावर काँक्रीट व माती घालतात.

नियम

उघड्या बोअरवेलमध्ये लहान मुले पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार सोडून दिलेली बोअरवेल माती, वाळू, दगडगोटे इत्यादींनी तळापासून जमिनीपर्यंत भरावी लागते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे पुरेसे आहे. प्रदूषित जागेवर मात्र वाळू व गोटे यांतून पाणी सहज झिरपते. तेथे हा भराव चालत नाही, हा फरक ठेकेदारांकडून अनेकदा दुर्लक्षिला जातो. अमेरिकेतील एएसटीएम डी ५२९९ हे मार्गदर्शक मानक खास अशा विहिरींसाठी आहे. भारतात प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केंद्र शासनाने २०२५ मध्ये अधिसूचित केले.

बुजवलेल्या विहिरीचे अक्षांश-रेखांश, खोली, वापरलेले साहित्य व दिनांक यांची नोंद जमिनीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी लागते. पुढे त्याच जागी पाया खोदणाऱ्यास किंवा नवी बोअरवेल घेणाऱ्यास तीच एकमेव खूण उरते.