एच-इंडेक्स म्हणजे काय? संशोधकांचे ‘मार्क’ नेमके कसे मोजतात?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास एक बातमी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास फिरते. आमच्या कॉलेजचे अमुक सर जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांमध्ये! सोबत पुष्पगुच्छाचा फोटो. ही यादी कोण बनवतं आणि कशावरून बनवतं, हे मात्र बातमीत क्वचितच असतं.

यादी ‘स्टॅनफर्डची’ म्हणून ओळखली जाते, पण ती विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नाही. स्टॅनफर्डमधले प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस नावाच्या डेटाबेसमधले आकडे घेऊन ती तयार करतात. त्यात दोन वेगळ्या याद्या असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी फक्त एका वर्षाची. बातमीतलं नाव कोणत्या यादीतलं आहे, ते आधी विचारा. फाईल सगळ्यांना फुकट डाउनलोड करता येते, त्यामुळे मोबाईलवर स्वतःच नाव शोधून बघता येतं.

पण हे आकडे येतात कुठून? चला, सुरुवातीपासून बघूया.

सायटेशन म्हणजे काय?

कोणताही संशोधक पेपर लिहितो तेव्हा आधी झालेल्या ज्या कामाचा आधार घेतला, त्याची यादी शेवटी देतो. अशा यादीत तुमच्या पेपरचं नाव आलं की तुम्हाला एक सायटेशन मिळालं. इन्स्टाग्रामच्या लाईकशी याची तुलना बरेच जण करतात, पण ती अर्धीच खरी आहे. लाईक द्यायला एक टॅप पुरतो, सायटेशन द्यायला अख्खा पेपर लिहावा लागतो. शिवाय ‘या पेपरमधला निष्कर्ष चुकीचा आहे’ असं लिहून नाव दिलं, तरी मोजणीत ते एक सायटेशनच धरलं जातं.

ही मोजणी सुरू केली अमेरिकेतल्या यूजीन गारफिल्ड यांनी. वकील मंडळी जुने खटले शोधायला जी सूची वापरायची, तिच्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि १९५५ मध्ये त्यांनी ती मांडली. १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला. त्याचाच वारसा म्हणजे आजचं वेब ऑफ सायन्स. मूळ हेतू पेपर शोधणं सोपं करणं हा होता. माणसांना मार्क देणं नंतर आलं. आणि गंमत म्हणजे, गुगल सर्चच्या सुरुवातीच्या पेजरँक पद्धतीमागेही हाच विचार होता, ज्या पानाकडे जास्त लिंक येतात ते पान महत्त्वाचं.

एच-इंडेक्स कसा काढतात?

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एक सोपा आकडा सुचवला. समजा एका मॅडमचे सहा पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे २५, १४, ९, ५, ४ आणि १ अशी सायटेशन मिळाली आहेत. जास्तीकडून कमीकडे मांडून मोजत जायचं. चौथ्या पेपरला ५ सायटेशन आहेत, म्हणजे ४ पेक्षा कमी नाहीत, ठीक. पाचव्याला ४ आहेत, म्हणजे ५ पेक्षा कमी. इथेच थांबायचं. मॅडमचा एच-इंडेक्स ४.

उद्या त्या पाचव्या पेपरला आणखी एक सायटेशन मिळालं तर इंडेक्स ५ होईल. पण २५ वाल्या पेपरला आणखी हजार मिळाली तरी आकडा जागचा हलणार नाही! एकच पेपर लिहून जगभर नाव झालेल्या माणसाचा एच-इंडेक्स १ च राहतो. एकूण पेपरांच्या संख्येपेक्षा तो मोठा होऊच शकत नाही आणि तोच डेटाबेस कायम राहिला तर वयाबरोबर वाढतच जातो. त्यामुळे नुकतीच पीएचडी झालेल्या मुलीची तुलना निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकांशी या आकड्यावर करणं म्हणजे सरळसरळ अन्याय आहे. विषय बदलला तरी तेच. वैद्यकशास्त्रात पेपर खूप निघतात, संदर्भांच्या याद्या लांब असतात, म्हणून आकडे फुगतात. गणितात किंवा मराठी साहित्याच्या अभ्यासात ते लहानच असणार.

गुगल स्कॉलरवर याच्याच खाली आय-टेन इंडेक्सही दिसतो. १० किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर किती, एवढंच तो सांगतो. वरच्या उदाहरणात तो २.

इम्पॅक्ट फॅक्टर मात्र माणसाचा नसतो, जर्नलचा असतो. जर्नलने मागच्या दोन वर्षांत २०० पेपर छापले आणि त्यांना या वर्षी ६०० सायटेशन मिळाली, तर इम्पॅक्ट फॅक्टर ३. ही सरासरी आहे. चार-पाच गाजलेले पेपर बाकीच्यांना ओढून वर नेतात, म्हणून ‘माझा पेपर ३ इम्पॅक्ट फॅक्टरवाल्या जर्नलमध्ये आला’ यावरून त्या पेपरला कोणी वाचलं का, हे कळत नाही.

एकाच माणसाचे तीन आकडे?

हो, आणि यात फसवाफसवी असेलच असं नाही. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस निवडक जर्नल मोजतात. गुगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, परिषदांमधले पेपर, अजून तपासणी न झालेले मसुदे असं बरंच काही मोजतो. म्हणून त्याचा आकडा बहुतेक वेळा मोठा दिसतो.

मशीन मोजतंय म्हटल्यावर त्याला फसवणंही आलंच. २०१० मध्ये फ्रान्समधले संशोधक सिरिल लाबे यांनी आइक अँटकारे नावाचा एक शास्त्रज्ञ चक्क तयार केला. असा माणूसच नव्हता. कॉम्प्युटरने बनवलेले निरर्थक पेपर एकमेकांना सायटेशन देत होते. गुगल स्कॉलरच्या हिशेबात या साहेबांचा एच-इंडेक्स ९४ झाला होता. २०२४ मध्ये तर दोघांनी लॅरी नावाच्या मांजराला याच पद्धतीने ‘जास्त सायटेशनवालं मांजर’ करून दाखवलं. आधीचा मान एफ. डी. सी. विलार्डकडे होता. तेही मांजरच! १९७५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी पेपर एकट्याने लिहूनही त्यात सगळीकडे ‘आम्ही’ असं टाईप केलं होतं. पुन्हा टाईप करण्यापेक्षा त्यांनी आपलं मांजर सहलेखक म्हणून जोडलं.

लेखक कोण आणि किती?

मांजराची गोष्ट हसण्यावारी नेता येते, पण लेखक म्हणून नाव कुणाचं, हा प्रश्न बऱ्याच लॅबमध्ये भांडणाचा असतो. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर आलेल्या एका पेपरला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी प्रत्यक्ष मजकूर ९ पानांत, बाकी बहुतेक सगळी नावंच. प्रत्येकाच्या खात्यात त्या पेपरची सगळी सायटेशन पूर्णच जमा होतात, वाटून नाही.

नावांच्या क्रमालाही अर्थ असतो. जीवशास्त्रात सहसा पहिलं नाव प्रत्यक्ष काम केलेल्या विद्यार्थ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. गणितात बहुतेकदा वर्णानुक्रम, त्यामुळे तिथे पहिलं नाव बघून काहीच ठरवू नका. आपल्याकडे यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकांच्या गुणांसाठी वेगळंच गणित होतं: दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, दोनपेक्षा जास्त असतील तर प्रथम किंवा मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. दोघांची बेरीज १४० टक्के होते! म्हणजे दोघांनी मिळून दोन पेपर लिहिले आणि दोन्हींवर दोघांची नावं टाकली, तर प्रत्येकी एकेक लिहिण्यापेक्षा दोघांचाही फायदा. असा नियम असल्यावर विभागप्रमुखांचं नाव प्रत्येक पेपरवर का असतं, याचं नवल वाटू नये.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी मान्य केलेले निकष कडक आहेत. कामात ठोस सहभाग, लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा, छापण्याआधी मान्यता आणि चूक निघाल्यास जबाबदारी, या चारही गोष्टी हव्यात. फक्त निधी आणला किंवा मशीन वापरू दिलं, तर आभार मानायचे, लेखक करायचं नाही.

‘एस. पाटील’ नेमके कोणते?

मराठी माणसासाठी ही खरी डोकेदुखी आहे. एस. पाटील नावाने किती जण लिहीत असतील याची कल्पनाच करा. त्यात कुणी वडिलांचं नाव मध्ये लिहितं, कुणी लिहीत नाही, आडनाव कधी आधी तर कधी नंतर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे पेपर दोन वेगळ्या बायकांचे समजले जातात आणि एच-इंडेक्स दोन तुकड्यांत वाटला जातो. वरच्या उदाहरणातल्या मॅडमचे २५ आणि ९ वाले पेपर माहेरच्या नावावर असते, तर एका नावावर २ आणि दुसऱ्यावर ३ एवढंच उरलं असतं. नोकरीच्या मुलाखतीत हा फरक महागात पडतो.

यावर उपाय म्हणजे ऑर्किड. २०१२ पासून मिळणारा हा १६ अंकी नंबर फुकट आहे आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. एमएस्सीचा प्रोजेक्ट पेपर म्हणून पाठवणार असाल, तर त्याआधीच काढून ठेवा.

गाईड निवडताना मोबाईलवर काय बघाल?

गुगल स्कॉलरवर प्रोफाइल उघडा आणि मोठा आकडा बघून लगेच भारावून जाऊ नका. ‘व्हेरिफाइड ईमेल’ म्हणजे संस्थेचा ईमेल खरा आहे, एवढंच. यादीतले पेपर त्यांचेच आहेत याची खात्री गुगल देत नाही. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपर आपोआप आत येतात आणि काही जण ते काढायची तसदी घेत नाहीत. विषय भलताच वाटला तर तो पेपर उघडून बघा. मग एखाद्या पेपरखालच्या सायटेशनच्या आकड्यावर टॅप करा. ज्यांनी सायटेशन दिली त्यांची यादी उघडेल. तीच-तीच चार नावं, तेच जर्नल पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर सावध व्हा. आणि विद्यार्थ्यांची नावं पहिली येतात का, तेही बघा. पुढची चार-पाच वर्षं तुमचीच जाणार आहेत.

‘आठ दिवसांत पेपर छापून देतो, फक्त दीड हजार’ असे मेसेज येतात, त्यांना उत्तर देऊ नका. अशा जर्नलांना आळा घालायला यूजीसीने केअर नावाची यादी आणली होती आणि तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली. त्यामुळे जर्नल खरं की खोटं हे तपासायची जबाबदारी आता संस्थांवर आणि तुमच्यावर आली आहे. संपादक मंडळातल्या दोन-तीन जणांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघा, तिथे त्या जर्नलचा उल्लेख सापडतो का. नाही सापडला तर त्यांना एक ईमेल टाका आणि विचारा. खोट्या जर्नलवर नाव असलेल्यांपैकी काहींना आपण ‘संपादक’ आहोत हे तुमच्या ईमेलमधूनच कळतं.