घरगुती जाळ्यातील फायबर केबल

घराच्या आत, किंवा एकाच आवारातील दोन-तीन इमारतींमध्ये, राउटर, संगणक, कॅमेरे, टीव्ही इत्यादी उपकरणे जोडण्यासाठी वापरली जाणारी काचेच्या तंतूची केबल. इंटरनेट पुरवणाऱ्याची काळी केबल खांबावरून किंवा गच्चीवरून घरात येते आणि भिंतीवरच्या ओएनटी नावाच्या छोट्या डब्यात संपते. बहुतेक घरांतले फायबर तिथेच थांबते. पुढे तांब्याची केबल आणि वायफाय. प्रस्तुत नोंद त्या डब्यानंतरच्या, म्हणजे घरमालकाच्या अखत्यारीतील भागाविषयी आहे.

फायबर म्हणजे वेग हे समीकरण जाहिरातींनी रुजवले आहे. घरापुरते पाहिले तर ते फारसे टिकत नाही. तांब्याची साधी कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट आणि सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट सहज नेते. काचेतला प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि तांब्यातला संकेतही जवळपास तेवढ्याच वेगाने धावतो, त्यामुळे हॉलपासून बेडरूमपर्यंतच्या वीस मीटरांत गेम खेळणाऱ्याला तसूभरही फरक जाणवणार नाही. घरात फायबर उपयोगी पडते ते दुसऱ्याच दोन गुणांमुळे : ते लांब जाते आणि त्यातून वीज वाहत नाही. यांतला दुसरा गुण अधिक मोलाचा असून त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

पूर्वपीठिका : पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली, त्यावरचा निबंध १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पण त्या काळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विरून जाई. दोष तंतूच्या कल्पनेत नसून काचेतल्या अशुद्धीत आहे, असे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडले (काओ यांना २००९ चे नोबेल). १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने किलोमीटरला सुमारे १७ डेसिबल घट असलेला तंतू बनवला. आज ही घट १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला ०.३५ डेसिबलच्या आसपास असते. घरात मात्र फायबर शिरले ते इंटरनेटच्या कितीतरी आधी, गाण्याच्या निमित्ताने. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक ही लाल प्रकाशाची, जाड प्लास्टिक तंतूची जोडणी आजही टीव्ही आणि साउंडबारच्या पाठीमागे सापडते. फायबरचे उत्पादन महाराष्ट्रातही होते : छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत.

तंतूची निवड : सिंगल-मोड तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा आणि त्याभोवतीच्या काचेचा व्यास १२५ मायक्रॉन. मल्टिमोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉन. बाहेरचे आवरण बहुधा रंगावरून ओळखता येते. सिंगल-मोड पिवळी, मल्टिमोड जुनी असेल तर नारिंगी, नवी असेल तर फिकट हिरवट-निळी. मल्टिमोडची दोन टोकांची उपकरणे एकेकाळी बरीच स्वस्त होती, म्हणून घरासाठी तीच सुचवली जाई. आता तो फरक किरकोळ उरला आहे. ओएम-३ दर्जाची मल्टिमोड १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत नेते आणि सिंगल-मोड १० किलोमीटर, पण घराला दोन्ही पुरून उरतात. निर्णय होतो तो पुढच्या काळाचा विचार करून. सिंगल-मोड काच तीच ठेवून दोन टोकांची उपकरणे बदलली की क्षमता वाढते. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी हेच केले आहे. ज्या तंतूवरून जीपॉन पद्धतीचे २.५ गिगाबिट येत होते, त्याच तंतूवरून एक्सजीएस-पॉनचे १० गिगाबिट येऊ लागले. नवीन काम असेल तर सिंगल-मोडच घ्यावी आणि त्यातही जी.६५७.ए२ प्रतीची. जुन्या प्रतीला किमान ३० मिलिमीटर त्रिज्येचे वळण लागे, हिला ७.५ मिलिमीटर पुरते, म्हणजे दाराच्या चौकटीचा कोपरा ती निमूट वळते.

दोन इमारतींमधील जोडणी : फायबरचा घरगुती उपयोग एकच सांगायचा झाला तर हा. कोकणातल्या घरामागे होमस्टेच्या खोल्या असतात, खाली बागेत पंपघर असते. देशावर वस्तीवरचे घर, गोठा आणि रस्त्याकडेचे फाटक यांत दीड-दोनशे मीटर अंतर सहज पडते. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरला थांबते. अंतर कमी असले तरी दोन इमारतींचे अर्थिंग निराळे, कधी वीजमीटरही निराळे; तांब्याची केबल त्या दोन अर्थिंगना नको तिथे जोडून देते. त्यात एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस. वीज केबलवर पडायचीही गरज नसते. ती जवळपास कोसळली तरी लांब तारेत दाब उसळतो आणि सकाळी पाहावे तर स्विचची बाकी सगळी भोके ठीक, फक्त अंगणातून आलेल्या केबलीचे भोक मेलेले. त्या टोकाचा कॅमेराही गेलेला. काचेतून वीज वाहत नसल्यामुळे फायबर टाकले की हा मार्गच बंद होतो.

मात्र इथे एक फसगत ठरलेली आहे. बाजारात सर्वांत सहज मिळणारी काळी चपटी ड्रॉप केबल पुष्कळदा पोलादी तारेसह येते. खांबावरून ताणण्यासाठी ती तार हवीच, पण ती तशीच घरात आणून उपकरणांच्या पेटीपर्यंत नेली की विजेला पुन्हा वाट मिळते. अशी केबल वापरायचीच तर तार बाहेरच सोलून वेगळी करावी. जमिनीखालून जायचे असेल तर आतला आधार पोलादाऐवजी एफआरपीचा, म्हणजे काचतंतू-प्लास्टिकच्या काडीचा असलेली केबल मागावी. उंदीर-घुशींच्या भीतीने काही जण चिलखती केबल घेतात. ते चिलखतही धातूचेच. धातूविरहित केबल एचडीपीई पाइपातून नेणे हा दोन्ही बाजू सांभाळणारा उपाय होय.

दोन्ही टोकांना प्रकाशाचे रूपांतर विद्युत संकेतात करणारे उपकरण लागते. ते म्हणजे सुटा मीडिया कन्व्हर्टर, नाहीतर एसएफपी खाचेचा स्विच आणि त्यात बसणारे बोटाएवढे मॉड्यूल. एकाच तंतूवर दोन्ही दिशांचे काम करणारी बायडाय मॉड्यूले जोडीनेच घ्यावी लागतात : एक १३१० नॅनोमीटरवर बोलते आणि १५५० वर ऐकते, दुसरे नेमके उलट. दोन्ही टोकांना एकाच जातीची बसवली तर जोडणीचा दिवा कधीच लागणार नाही. दोन तंतूंच्या जोडणीत तंतूंची अदलाबदल राहून जाते. एकाचा पाठवणारा तंतू दुसऱ्याच्या ऐकणाऱ्या भोकात जायला हवा. नवी जोडणी चालू झाली नाही, तर दुसरे काही उघडण्याआधी एका टोकाची दोन डोकी उलटसुलट करून पाहावीत.

फायबरची मोठी उणीवही याच जोडणीत उघडी पडते. तांब्याच्या केबलीतून कॅमेऱ्याला किंवा वायफायच्या डब्याला वीजही देता येते. काचेतून ती जात नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्यासाठी तिथे वीज असलीच पाहिजे, आणि पावसापासून जपलेल्या पेटीत केबलीतूनच वीज देणारा छोटा पीओई स्विच बसवून पुढची दोन-चार मीटरची केबल तांब्याचीच ठेवावी लागते. या विजेचा खर्च आणि खटपट धरूनच हिशेब करावा.

मजल्यांमधील कणा : आरसीसी स्लॅबमधून वायफाय धड पोचत नाही, हे बंगल्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. प्रत्येक मजल्यावर वायफायचा डबा आणि ते एकमेकांना केबलीने जोडलेले, ही उत्तम मांडणी. ही केबल तांब्याची असली तरी काम भागते. फायबरची सोय होते ती जुन्या घरात, जिथे नवी झिरी पाडायची नसते आणि विजेची पाइपच तेवढी मोकळी असते. शेजारून २३० व्होल्टची वायर गेली तरी फायबरच्या संकेताला बाध येत नाही. तरीही शक्य तिथे पाइप निराळीच असावी, कारण पुढे वायरमन वायर बदलताना हिसका देतो आणि काच तुटते.

तंतू जोडण्याचे, म्हणजे स्प्लायसिंगचे, यंत्र एका घरासाठी घेण्यासारखे नाही. कारखान्यातच कनेक्टर बसवलेली तयार केबल मोजून मागवणे सोपे. ओढताना ताण कनेक्टरवर न देता आतल्या पिवळ्या केव्हलार धाग्यांवर द्यायचा. नाहीतर केबल कनेक्टरशिवाय ओढून गल्लीतल्या केबलवाल्याच्या माणसाकडून टोके जोडून घ्यावीत.

ओएनटीची जागा : कंपनीचा माणूस ओएनटी बसवतो तो बहुधा दाराजवळ, कारण केबल तिथवरच पुरते. तो घराच्या मध्यभागी न्यायचा असेल तर त्या जागेपासून पुढे फायबरच वाढवता येते. इथले कनेक्टर हिरवे असतात. त्यांचे टोक ८ अंशांनी तिरपे घासलेले असते. त्यात निळा, सपाट टोकाचा कनेक्टर खुपसला तर तो बसतो, पण दोन टोकांत फट राहून प्रकाश वाया जातो. जीपॉनच्या नेहमीच्या ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान प्रकाश लागतो. एका चांगल्या कनेक्टरच्या जोडाला पाव-अर्धा डेसिबल जातो. वीस मीटर काचेला जवळजवळ काहीच जात नाही. मूळ प्रकाश उणे २० असेल तर वाढवायला हरकत नाही, उणे २६ असेल तर लॉसचा, म्हणजे संकेत तुटल्याचा, लाल दिवा लागण्याचा धोका असतो. उपकरण कंपनीचे असल्याने हे काम तिच्याच माणसाकडून, पॉवर मीटर लावून करून घ्यावे. कंपनीचा तंतू घरात स्प्लिटरने फोडून दोन जोडण्या काढणे किंवा तो थेट साध्या मीडिया कन्व्हर्टरला लावणे हे दोन्ही प्रयोग वाया जातात. जीपॉनमध्ये एका तंतूवर अनेक घरे पाळीपाळीने बोलतात आणि ही पाळी फक्त नोंदलेल्या ओएनटीलाच मिळते.

मोठ्या फायलींची ने-आण : वेगासाठी फायबर घ्यावे असा घरातला एक वर्ग आहे. लग्नाचे चित्रीकरण घरीच संपादित करणारे, छायाचित्रकार, ध्वनिमुद्रण करणारे. १ गिगाबिटच्या जाळ्यावर १०० गिगाबाइटची फाइल साठवणुकीच्या यंत्रावरून संगणकावर यायला साधारण १५ मिनिटे लागतात. १० गिगाबिटवर, दोन्हीकडच्या डिस्क तेवढ्या चपळ असतील तर, दीड मिनिट. १० गिगाबिट तांब्यावरूनही जाते, पण त्याची मॉड्यूले दोन-तीन वॅट खाऊन चांगलीच तापतात. फायबरची साधारण एका वॅटमध्ये भागतात. शिवाय पंख्यांचा घोंघाट करणारे यंत्र माळ्यावर किंवा जिन्याखाली हलवता येते. दोन्ही यंत्रे एकाच कपाटात असतील तर मात्र डीएसी नावाची तयार तांब्याची केबलच स्वस्त आणि पुरेशी.

चित्र व ध्वनी : छताला टांगलेल्या प्रोजेक्टरपर्यंत ४-के चित्र न्यायला साधी एचडीएमआय केबल पाच-सात मीटरपुढे दगा देऊ लागते. आतून फायबर असलेली एचडीएमआय केबल याहून खूप लांब चालते. तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेले टोक प्लेअरकडेच हवे. ती छतात बुजवण्याआधी लावून पाहावी.

प्रत्येक खोलीपर्यंत फायबर नेण्याची एफटीटीआर ही पद्धत, भिंतीला चिकटवायच्या जवळजवळ अदृश्य तंतूसह, चीनमधल्या कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर पुढे आणली आहे. दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटला तिची गरज नाही. फोनला आणि लॅपटॉपला फायबरचे भोक नसते. शेवटचा टप्पा वायफाय किंवा तांब्याचाच राहतो.

देखभाल : बिघाडांचे नेहमीचे कारण धूळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, गाभा ९ चा. बोट लागलेले टोक पुसल्याशिवाय लावू नये आणि टोपी काढली की खिशात ठेवावी. केबल कुठे तुटली ते लाल प्रकाशाच्या पेनाने कळते, कारण मोडलेल्या जागी पिवळ्या आवरणातूनही लालसर डाग उजळतो. चालू तंतूच्या टोकात डोळा घालून पाहू नये. १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही नाही. तंतू कापताना उडणारे काचेचे तुकडे कातडीत रुततात, ते चिकटपट्टीवर गोळा करून टाकावेत.

घर बांधायला काढले असेल तर कोणती केबल हा प्रश्न नंतरचा. प्रत्येक मजल्यावरून एका ठिकाणी येणारी २५ मिलिमीटरची रिकामी पाइप, तिला काटकोनी एल्बोऐवजी मोठी वळणे आणि आत नायलॉनची दोरी, एवढे स्लॅब पडण्यापूर्वी वायरमनकडून करून घ्या.