मॅसोकिस्ट: एका लेखकाचं आडनाव

पाठीवर ओझं घेऊन उन्हात धावणाऱ्या जवानांना कुणी ‘मॅसोकिस्ट’ म्हणालं, की मी त्याला तिथेच थांबवतो. हा शब्द आला कुठून?

लिओपोल्ड फॉन झाखर-मासोख हा लेखक १८३६ साली लेम्बर्गला, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हला जन्मला. त्याच्या १८७० च्या ‘व्हीनस इन फर्स’ या कादंबरीचा नायक प्रेयसीकडून चाबकाचे फटके मागून घेतो. म्हणून १८९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांनी वेदनेतून कामसुख शोधण्याला त्याचंच आडनाव दिलं. लेखक तेव्हा हयात होता! १८९५ मध्ये तो गेला. आडनाव विकाराला कायमचं चिकटलं.

जवान वेदना सोसतो, मागत नाही. कुणाला हा शब्द चिकटवण्यापूर्वी एवढा फरक लक्षात ठेवा. जय हिंद.