मोटारीची नाडी: लॉस एंजेलिसचे धुरके ते घरचा लॅपटॉप

लॅपटॉप जोडून मोटारीचा दोष घरीच वाचता येतो. ही सोय ग्राहकांसाठी जन्मली असे वाटते; तिचे मूळ मात्र लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे.

१९५०च्या सुमारास कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवले, की डोळे झोंबवणारे हे धुरके वाहनांच्या व तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची प्रक्रिया होऊन बनते. उत्सर्जनावर निर्बंध आले, आणि ते पाळण्यासाठी इंजिनात संगणक शिरला.

१९८०च्या दशकातील जनरल मोटर्सच्या गाड्यांत कनेक्टरच्या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडल्या, की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुके: एकदा, मग विराम, मग दोनदा, म्हणजे संकेतांक १२. परंतु प्रत्येक कंपनीची लिपी निराळी. मोडी वाचणाऱ्याला दर दप्तरागणिक नवे वळण शिकावे लागावे, तशी मेकॅनिकची गत.

कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून स्वनिदान सक्तीचे केले. १९९६च्या मॉडेलपासून साऱ्या अमेरिकेत ओबीडी-२ आले: सोळा पिनांचे एकच सॉकेट, समान संकेत. फोर्ड असो वा टोयोटा, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. भारतात ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झाले.

सक्ती मात्र उत्सर्जनाच्या माहितीपुरतीच होती. एअरबॅग, ब्रेक यांचे बरेचसे संकेत कंपन्यांच्याच कुलपात राहिले. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काला प्रचंड बहुमताने कौल दिला. २०२० मध्ये बिनतारी माहितीसाठीही तोच कौल आला. त्याविरुद्ध वाहन कंपन्यांची संघटना न्यायालयात गेली.