पासोडी आणि मिठाचा खडा

दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे जतन केलेली आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या या कापडावर त्यांनी पंचीकरण मांडले. प्रत्येक स्थूल महाभूतात अर्धा वाटा स्वतःचा व उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी अष्टमांश, असा हा सिद्धान्त. शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध या अनुभवाच्या गुणांवरून तो पदार्थाच्या अदृश्य घडणीकडे जातो.

आजचा रसायनशास्त्राचा विद्यार्थीही गुणांवरूनच घडण ओळखतो. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही, पाण्यात विरघळले की नेते. तेथे आयनिक बंध. साखर विरघळूनही नेत नाही. तिच्या रेणूत सहसंयुज बंध. तांबे घनरूपातच वीज वाहून नेते, ठोकले तर पसरते. तो धात्विक बंध. पहिल्या दोन बंधांचा इलेक्ट्रॉनांच्या आधारे उलगडा १९१६ मध्ये कोसेल आणि लुईस यांनी केला.

म्हणून पासोडीत रसायनशास्त्र शोधायचे काय? नाही. मिठाविषयीचे अनुमान प्रयोगाने खोटे ठरू शकते. पंचीकरणातील अष्टमांश मोजण्यासाठी नाहीत, देहबुद्धी सुटावी म्हणून आहेत. प्रश्नांतील साम्य पाहताना उत्तरांतील हे अंतर पुसले, तर संतकवी आणि शास्त्रज्ञ दोघांवरही अन्याय होतो.