अकरा जणांची यादी

संमेलनाच्या तयारीसाठी आपल्या १९९५च्या दहावीचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला. वर्गणी आणि जेवणाचा मेन्यू बिनविरोध मंजूर झाले. भांडण लागलं ते फुटबॉलवरून. कुणीतरी रात्री साडेअकराला विचारलं, "मुंबई सिटीचा आजवरचा सर्वोत्तम संघ निवडायचा, तर अकरा जण कोण?" आणि ग्रुप पहाटे दोनपर्यंत जागा राहिला. दहावीच्या वर्षी, १९९४च्या जुलैत, बॅजिओची पेनल्टी बारवरून गेली त्या रात्रीनंतर आपण सगळे एकदम इतक्या उशिरापर्यंत जागल्याचं मला तरी आठवत नाही.

ज्या सर-बाईंना हा क्लब ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, त्याच वर्षी मुंबई सिटी एफसी जन्माला आला. पहिले दोन हंगाम घरचे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले आणि २०१६पासून अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात. आपल्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचा जन्मही २०१४चाच. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझादनगर. पूर्वी ३४० नंबरच्या बसमध्ये लोंबकळत जी अंधेरी गाठायला जीव जायचा, तिथे आम्ही सात-आठ जण ऑफिस सुटल्यावर मॅचला पोचू लागलो. शाळेत असताना मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळत बसणारी मी तिथे पहिल्यांदा पोटभर ओरडले.

मी पडले सॉफ्टवेअरवाली. भांडण मिटवायला एक एक्सेल शीट केली. खेळाडू, हंगाम, सामने, गोल, आणि शेवटी प्रत्येकाचं मत. चौदा जणांनी मतं दिली. गोलरक्षक अमरिंदर सिंग. बचावात राहुल भेके, मुर्तदा फॉल, लुसियन गोइयान आणि गोव्याचा मंदार राव देसाई. मधल्या फळीत अहमद जाहू आणि अपुया, त्यांच्या पुढे ग्रेग स्ट्युअर्ट. उजवीकडे छांगटे, डावीकडे बिपिन सिंग. इथवर फारशी खळखळ झाली नाही.

अकराव्या जागेसाठी मात्र तीन तट पडले. एक तट दिएगो फोर्लानचा. २०१०च्या विश्वचषकात सर्वोत्तम ठरलेला हा माणूस २०१६चा एकच हंगाम खेळला, पण अंधेरीत केरला ब्लास्टर्सविरुद्ध त्याने केलेली हॅटट्रिक आम्ही प्रत्यक्ष पाहिली होती. दुसरा तट सुनील छेत्रीचा. आज तो बंगळूरुचा म्हणून ओळखला जातो, पण सुपर लीगमध्ये भारतीयाने केलेली पहिली हॅटट्रिक त्याची, २०१५ची, मुंबई सिटीच्या जर्सीतली. तिसरा तट ओग्बेचेचा, कारण २०२०-२१च्या हंगामात तो होता.

त्या हंगामाची एक गंमत आहे. मुंबई सिटीने तेव्हा लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले. शील्डसाठी एटीके मोहन बागानशी चाळीस-चाळीस गुणांची बरोबरी झाली आणि आपसातल्या सामन्यांवर मुंबई वर राहिली. १३ मार्च २०२१ला अंतिम सामन्यात त्याच संघाविरुद्ध बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल केला, २-१. पण कोविडमुळे सगळा हंगाम गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला होता. आपल्या क्लबचा बहुधा सगळ्यात मोठा संघ आपल्यापैकी एकानेही मैदानात बसून पाहिला नाही. मग "पाहिलेला" मोठा की "जिंकलेला" मोठा? शीटमध्ये या प्रश्नासाठी रकाना नव्हता. एका मताने फोर्लान जिंकला.

यादी मी ग्रुपवर टाकली. अंगठे आले, हार-फुलं आली. मग 'ब' तुकडीतल्या आपल्या लेफ्ट-हाफचा मेसेज आला. त्याचं नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. आंतरशालेय स्पर्धेत पायाला पट्टी बांधून खेळला होता, तोच. त्याने लिहिलं, "छान आहे. पण हा मुंबईचा संघ नाही. हा दहा-बारा वर्षांचा संघ आहे."

मला राग आला, आणि राग आला की मी वाचायला बसते. वाचल्यावर कळलं की त्याचं म्हणणं खरं आहे.

मुंबईत रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला. म्हणजे या शहरात फुटबॉल जुना, आणि कुपरेजचं मैदानही जुनं. पण कोलकात्यात जसे क्लब होते, तसे इथे संघ होते ते बहुतेक कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, रेल्वे, बँका. मुलगा चांगला खेळला की त्याला नोकरी मिळायची. सकाळी सही, दुपारी सराव, संध्याकाळी हारवूड लीगचा सामना. नेव्हिल डिसोझा याच मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळला. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. एवढ्या माणसाचं नाव आमच्या चौदा जणांपैकी एकालाही सुचलं नाही, कारण त्याचा क्लब शिल्लक नाही.

जवळचं उदाहरण महिंद्र युनायटेडचं. २००३ आणि २००५चा फेडरेशन कप आणि २००५-०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग या संघाने जिंकली. याकुबू, बॅरेटो, व्यंकटेश, महेश गवळी, स्टीव्हन डायस, खालिद जमील अशी नावं त्यात होती. २००९-१०च्या हंगामानंतर तो संघ बंद झाला. २००७ साली निघालेला पिवळ्या जर्सीचा मुंबई एफसी २०१७मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि तोही मिटला. खालिद जमील अनेक वर्षं त्याचा प्रशिक्षक होता. पुढे २०१७ साली त्याने ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि २०२५मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. माणसं पुढे गेली. त्यांची एकत्र यादी करणारं घर मात्र राहिलं नाही.

कोलकात्यात २९ जुलै १९११ला मोहन बागानच्या अकरा जणांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्यांना आजही 'अमर एकादश' म्हणतात आणि तो दिवस दरवर्षी साजरा होतो. मोहन बागान १८८९पासून चालू आहे, म्हणून पणजोबांनी पाहिलेला खेळाडू पणतू निवडू शकतो. सार्वकालिक संघ निवडायला आधी काळ लागतो, आणि तो काळ सांभाळणारं कुणीतरी लागतं.

मी लेफ्ट-हाफला फोन केला. म्हटलं, "तू चुकला नाहीस. तुझी यादी पाठव." तो म्हणाला, "माझी यादी तुझ्या शीटमध्ये बसणार नाही." दोन दिवसांनी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. अकरा नावं, त्याच्या त्याच तिरक्या अक्षरात. एकही नाव मला माहीत नव्हतं. बारावीनंतर तो एका कंपनीच्या संघात कंत्राटी खेळाडू म्हणून लागला होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. संघ बंद झाला तेव्हा कायम झालेले कामावर राहिले, कंत्राटवाले घरी आले. यादी त्याच्या त्या संघाची होती. लेफ्ट-हाफच्या जागी त्याने स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. ज्याच्यामुळे तो राखीव बसायचा, त्याचं लिहिलं होतं. "तो माझ्यापेक्षा भारी होता," एवढंच म्हणाला.

दोन्ही यादींना जोडणारा एक माणूस मला सापडला: राहुल भेके. मुंबईचा मुलगा, मुंबई एफसीकडून खेळला, मग कामासाठी शहराबाहेर गेला. १७ मार्च २०१९ला सुपर लीगचा अंतिम सामना अंधेरीतच होता, बंगळूरु विरुद्ध गोवा. जादा वेळ संपत आलेली असताना कॉर्नरवर भेकेने हेडर मारला आणि बंगळूरु जिंकलं. मुंबईच्या मुलाने मुंबईत, दुसऱ्या गावाच्या क्लबसाठी. मी आणि लेफ्ट-हाफ शेजारी बसलो होतो. तो उठून उभा राहिला, टाळ्या वाजवत राहिला. मी विचारलं, "आपण कुणाच्या बाजूने?" तो म्हणाला, "त्याच्या."

२०२१मध्ये भेके मुंबई सिटीत आला. एप्रिल २०२२मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबईने २-१ असा विजय मिळवला. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत भारतीय क्लबचा हा पहिला विजय, आणि निर्णायक गोल भेकेचा. ४ मे २०२४ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून चषक उचलला, तेव्हा कर्णधार तोच होता. त्या रात्री लेफ्ट-हाफने ग्रुपवर फक्त त्याचं नाव टाकलं होतं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

या स्मरणिकेसाठी मी ठरवलं, आपली पण एक यादी असावी: १९९४-९५च्या शाळेच्या फुटबॉल संघाची. त्याची शीट नाही, जुना फोटोही मिळाला नाही. आठवून लिहायला बसले, तर नऊच नावं झाली. राइट-बॅक आठवत नाही, आणि पहिल्या सामन्यात गोलीत नक्की कोण उभं होतं यावर लेफ्ट-हाफचं आणि माझं एकमत होत नाही. पी.टी.च्या सरांनी किंवा तुमच्यापैकी कुणीही ही दोन नावं संमेलनाच्या दिवशी सांगावीत. कागद मी बरोबर आणते आहे.